दोरावरचा भाऊ

दीपेशने कळ दाबली आणि अंकुशला स्वतःचा आवाज ऐकू आला. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून येत होता, जरा बसका, पण त्याचाच. "अब ये धुआँ देंगे, मॅडम. मक्खी उठेगी, फिर असली काम शुरू." शेवटी एक हसू होतं, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे धरताना तोंडावर येतं तसलं. पडद्यावर देवजी कड्याच्या पोटाशी लटकला होता. कमरेला दोर, डाव्या हातात ओल्या पाल्याची धुमसती जुडी, आणि बाजूला आग्यामोहोळाचं काळं पोळं थरथरत होतं. स्पीकरमधलं हसू संपता संपता देवजीची मान झटक्याने वळली आणि तो खाली बघत राहिला. धूर तोंडावर आला तरी त्याने मान फिरवली नाही, माशा खांद्यावर बसल्या तरी हात हलवला नाही. दीपेशने चित्र तिथेच थांबवलं. "काय लूक दिलाय कॅमेऱ्याला, बघ ना!" तो म्हणाला. हेतल मॅडम आपली चाकांची खुर्ची ढकलत जवळ आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "दीपेश, हाच. हाच आपला कव्हर फोटो. डोळे बघ त्याचे. याला म्हणतात होप." अंकुशने मान डोलावली. एसी चालू होता आणि त्याच्या बनियनच्या आत पाठीवरून घाम उतरत होता. आपण त्या दिवशी बोललो हे त्याला आठवत होतं. कड्यावरच्या माणसाने ते ऐकलं हेही ठाऊक होतं. यंत्रानेही ऐकलं असेल, हे मात्र एवढ्या दिवसांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

देवजी हा त्याच्या बहिणीचा नवरा. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. अंकुश वाघमारे आपट्याच्या वरच्या अंगाला, नदीपलीकडल्या बेहडेवाडीचा, कातकरी, समाजकार्यातली पदवी घेतलेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. हेतल मॅडम 'आपल्या टीममधला कम्युनिटीचा माणूस' अशी त्याची ओळख करून देत आणि तसं म्हणताना त्याच्या खांद्यावर हात ठेवत, नवी गाडी दाखवताना लोक बॉनेटवर ठेवतात तसा. करंजाड्यात तो भाड्याने राहायचा त्या बिल्डिंगमध्ये मात्र हेही माहीत नव्हतं. तिथे तो महाडकडचा वाघमारे होता आणि कुणी जास्त खोदून विचारलं तर त्याचा फोन वाजायचा. संस्थेचा एक नियम होता: योजनेच्या मुख्य लाभार्थ्यांत कर्मचाऱ्याचे जवळचे नातेवाईक नकोत. बेहडेवाडीत अंकुशचं नातं नसलेलं घर शोधायचं तर अंगणवाडीच उरली असती. म्हणून त्याने शुक्रीला, बहिणीला, आधीच बजावून ठेवलं होतं. "बाय, पावन्यांसमोर मी तुझा भाऊ नाय हां. नायतर काम दुसऱ्या वाडीला जाईल." शुक्री चुलीपाशी बसली होती. "मंग कोन सांगू?" "साहेब म्हन." "साहेब," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला त्यात अपमान दिसला नाही. भाऊ साहेब झाला आहे आणि ती गोष्ट आता खेळातसुद्धा बोलायला मिळते आहे, एवढंच तिला दिसलं. अंकुशला त्या हसण्याचा राग आला होता, आणि तो राग कुठे ठेवायचा हे कळलं नाही म्हणून त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली होती.

योजना खरोखर चांगली होती. हे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाडी दर दिवाळीनंतर ओस पडते, माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर खोकत परत येतात. शुक्रीनेही अशाच भट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या म्हणून अंकुश आश्रमशाळेत सुट्टीतही राहू शकला. आता वाडीतच केंद्र निघणार होतं. मध गाळायचं, हिरडा-बेहडा वाळवायचा, शिकेकाई कुटायची, गुळवेलीचे तुकडे करायचे, वर छान कागदी लेबल, आणि माल मुंबईला. वाडीच्या बैठकीत बायकांनी अंगणात रांगोळीने जंगलाचा नकाशा काढला होता आणि हेतल मॅडमनी चप्पल काढून त्याच्याभोवती उकिडवं बसून फोटो घेतले होते. सादरीकरणात त्यांनी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचं एक जुनं चित्रही घातलं होतं, खाली ओळ होती, 'सत्याग्रहापासून स्टार्टअपपर्यंत'. अंकुशने ती ओळ मराठीत नीट बसवून दिली होती. पण या सगळ्याच्या मुळाशी होतं ते मध. मुंबईच्या दुकानांना हिरडा-बेहडा नको होता, त्यांना कड्यावरचं रानटी मध हवं होतं, आणि कड्यावर उतरणारा माणूस वाडीत एकच धड उरला होता. तो देवजी.

आणि देवजी दोरावर मेव्हणा असल्याशिवाय उतरत नसे. बेहडेवाडीची ही रीत होती. कडा उतरणाऱ्याचा दोर वर धरून बसायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. बापाने नाही, सख्ख्या भावाने तर नाहीच. भाऊ म्हटला की झोपडी आली, वाटणी आली, मनात काय असेल सांगता येत नाही. बायकोच्या भावाला मात्र दोर सोडून काही मिळत नाही, रांडमुंड झालेली बहीण तेवढी दारात येते. म्हणून तो सोडत नाही. एवढा कोरडा हिशेब, प्रेमाबिमाचं नाव नाही. वर बसणाऱ्याने पायताण काढायचं, दोराचा एक वेढा कमरेला घ्यायचा, टाचा कातळाला रोवायच्या आणि कुणाशी बोलायचं नाही. खालून एक हिसका आला की आपणही एक हिसका द्यायचा, म्हणजे उतरणाऱ्याला कळतं, आहे. वर आल्यावर पोळ्याचा पहिला तुकडा मेव्हण्याच्या हातात पडतो आणि तो तोंडात न घालता बहिणीकडे नेऊन द्यायचा. ज्याचा मेव्हणा मेला त्याचा दोर खुंटीला लागतो, कायमचा. ज्या पोरीला भाऊ नाही तिला कडा उतरणारा नवरा देतच नाहीत. अंकुशने हे सगळं योजनेत लिहिलं होतं, चांगली दोन पानं. हेतल मॅडमनी वाचलं आणि ओठ चावला. "इंटरेस्टिंग आहे रे, पण हे फॅमिली बिझनेससारखं दिसतं. फंडिंगवाले विचारतील, बाकीच्यांना संधी कुठे? शिवाय सेफ्टी." त्याने दोन्ही पानं काढली आणि तिथे लिहिलं, 'दोर हाताळणी: प्रशिक्षित पथक'. लिहिताना बरं वाटलं. शब्द स्वच्छ होते, त्यांना चुलीच्या धुराचा वास येत नव्हता.

"अंकुश, तुझं लक्ष आहे का?" हेतल मॅडम विचारत होत्या. संध्याकाळी कार्यक्रम होता, लाइन आळीतल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. पैसे देणाऱ्या संस्थेच्या मिसेस सरीन दिल्लीहून पुन्हा आल्या होत्या, वाडीची माणसं टेम्पोने येणार होती, फिल्म दाखवायची, देवजी-शुक्रीचा सत्कार करायचा आणि मंजुरी जाहीर करायची. शुक्री समोर बसणार होती. या थंड खोलीत अंकुशला पहिल्यांदा ते नीट दिसलं: शुक्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आहे, पडद्यावर तिचा नवरा कड्याला लटकला आहे, आणि खालून, पाहुण्यांच्या घोळक्यातून, भावाचा आवाज येतो आहे. दोरावर भाऊ बसला होता असं ती समजून होती. "मॅडम," तो म्हणाला, "तो माझा आवाज काढू या का? हिंदी अगदीच गावठी वाटतंय. प्रोफेशनल नाही वाटत." हेतल मॅडमनी पुन्हा ऐकलं. त्याचं हसू खोलीत पुन्हा एकदा पसरलं. "खरंय," त्या म्हणाल्या. "दीपेश, काढ ते. म्युझिक टाक, काहीतरी ट्रायबल." दीपेशने कुठूनसा तारपा शोधून आणला. तारपा वारल्यांचा, बेहडेवाडीत कुणाच्या बापाने वाजवला नव्हता. पुंगीसारखा तो सूर पडद्यावर पसरला, त्याचा आवाज पुसला गेला आणि देवजी आता उगाचच, काही कारण नसताना, खाली बघू लागला. अंकुशने खुर्ची मागे सारली. तो खाली उतरला, स्टेशनच्या बाजूच्या टपरीवर गेला आणि उभ्याने कटिंग प्याला.

सुटका झाली असं वाटलं की माणसाला जे आठवायचं नसतं ते आठवतं. चहा संपेपर्यंत तो पुन्हा कड्यावर जाऊन पोचला होता. चैत्रातलं ऊन, खालच्या झाडीत करवंदं पिकायला लागलेली, कातळ तापून पायाला चटके बसत होते. संस्थेने नवा नायलॉनचा दोर दिला होता आणि न्यू पनवेलच्या ट्रेकिंग क्लबातला जीवन नावाचा एक माणूस, हातमोजे, लोखंडी कड्या, सगळं सामान घेऊन. देवजीने कड्या बघितल्या, जीवनला बघितलं आणि अंकुशला म्हणाला, "ह्ये लोखंड राहू दे झाडाला. दोरावर तू बस." "दाजी, मला खाली पावन्यांशी बोलायचं हाय." "मंग पावन्यांनाच म्हनावं उतरा." देवजी चिडला नव्हता, तो कमरेला दोर बांधत होता. अंकुशने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. पाय पांढरे पडले होते, नाजूक, शहरातल्या बाईचे असावेत तसे, आणि जीवन ते पाय बघतो आहे असं त्याला वाटलं. शर्टावर दोराचा वेढा घेतला. देवजी कडेवरून पाठमोरा खाली सरकला, आधी पाय, मग पोट, मग डोकं गेलं, आणि त्याच क्षणी त्याचं सगळं वजन अंकुशच्या कमरेवर आलं. हाडांवर आलं. लहानपणी मामाला बापाचा दोर धरताना बघितलं होतं, पण हे बघून कळत नाही, आणि नोकरीआधी देवजीचा धरला होता तेही अंग विसरून गेलं होतं. दुसऱ्या माणसाचा जीव आपल्या ढुंगणाच्या हाडांवर बसतो, श्वास घेतो, डावीकडे सरकतो. एक हिसका आला. अंकुशने एक हिसका दिला. त्याला रडू आलं होतं, हे त्याने नंतर कुणालाही सांगितलं नाही. त्या चार-दोन श्वासांपुरता तो साहेबही नव्हता, कम्युनिटीचा माणूसही नव्हता. तो शुक्रीचा भाऊ होता आणि ते पुरेसं होतं.

मग खिशातला फोन वाजला. हेतल मॅडम. "अंकुश, कुठे आहेस तू? मिसेस सरीन विचारतायत, इथे कुणाला धड काही सांगता येत नाहीये. वर जीवन आहे ना? ये ना पटकन." त्याने सांगायला हवं होतं की मला उठता येत नाही. वाक्य सोपं होतं, मराठीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे का ते सांगायला हवं, देवजी कोण ते सांगायला हवं, आणि डोळ्यांसमोर आपले उघडे पाय होते. "आलो, मॅडम," तो म्हणाला. जीवनने दोर आपल्या कड्यांत अडकवला, सफाईने, आणि अंकुशच्या कमरेवरून वेढा निघाला. हलकं वाटलं. पुढे दोन महिने त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की हलकं वाटलं, आंघोळ करून उठावं तसं. बूट हातात घेऊन तो पायवाटेने धावत उतरला, शेवटच्या वळणावर बूट घातले, भांग सारखा केला. देवजी अजून जुडी पेटवत होता. मिसेस सरीन छत्रीखाली उभ्या होत्या. अंकुश त्यांच्याजवळ गेला आणि बोलू लागला. वर दोर हलला. देवजीने खालून हिसका दिला असावा, आणि जीवनला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याला उत्तर द्यायचं असतं. देवजीने पुन्हा हिसका दिला. कड्याच्या पोटात खालचा आवाज वर चढतो, हे अंकुशला पोरवयापासून माहीत होतं, तिथे ओरडून खेळण्यातच त्याचं बालपण गेलं होतं. तरी तो बोलला, मोठ्याने बोलला, आणि वर हसला. देवजीची मान वळली. दोघांची नजर भेटली की नाही हे धुरात नक्की कळलं नाही, आणि कळलं नाही याचाच तो आधार घेत आला होता.

देवजी पडला नाही. त्याने पोळं कापलं, डबा भरला, जीवनने त्याला वर ओढलं. अंकुश घाईघाईने मागच्या वाटेने वर पोचला होता, काय बोलायचं ते जुळवत. देवजीचे डोळे माशांनी सुजले होते. जीवन, मागोमाग वर आलेला दीपेश, सगळे बघत असताना त्याने पोळ्याचा पहिला तुकडा तोडला आणि अंकुशच्या हातावर ठेवला. रीतीप्रमाणे. त्या ओल्या, गरम तुकड्यातून मध अंकुशच्या मनगटावरून बाहीत उतरलं. तो घेऊन तो खाली वाडीत गेला आणि शुक्रीच्या हातावर ठेवला. दुसरं काय करणार होता? ती तुकडा तोंडात घालून म्हणाली, "दोर जड गेला काय रं?" त्याने तोंड उघडायच्या आधी मागून देवजी बोलला, "चांगला धरला. हात बसलाय त्याचा." आणि पाण्याने तोंड धुवायला गेला. अंकुशला त्या घटकेपासून देवजीचा द्वेष वाटू लागला. त्याने शिवी दिली असती, दगड उचलला असता, चार माणसांत बोलला असता तर ते फिटलं तरी असतं. हा माणूस बायकोसाठी खोटं बोलला. बायकोचं माहेर मोडू नये म्हणून त्याने आपल्याला झाकलं, मेलेल्यावर कापड टाकतात तसं झाकलं. आणि आता आयुष्यभर तो आपल्याकडे साध्या डोळ्यांनी बघणार. एक-दोनदा अंकुशच्या मनात आलं होतं की तो त्या दिवशी पडला असता तर बरं झालं असतं. हा विचार त्याने परतवून लावला नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि तो विचारही साध्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिला.

हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाचा वास होता, कोमेजलेला झेंडू आणि सांडलेला मठ्ठा. भिंतीवर थर्माकोलची वधूवरांची नावं तशीच होती. त्यांच्याखाली संस्थेचा बॅनर बांधला होता. वाडीची माणसं वेळेच्या फार आधी आली आणि मागच्या रांगांत बसली. पुढे बसा म्हटलं तर एकमेकांना ढकलत हसली आणि मागेच बसली. शुक्रीने अबोली रंगाची कडक घडीची साडी नेसली होती, केसांना तेल. अंकुश तिच्या जवळून गेला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "नमस्कार, साहेब!" आणि बाजूच्या बाईला कोपर मारलं. तिला हा खेळ फार आवडला होता. देवजी पांढऱ्या सदऱ्यात अवघडून बसला होता. "बरं हाय ना, दाजी?" अंकुशने हळूच विचारलं. "बरं हाय," देवजी म्हणाला. "तुमचं?" तुमचं, म्हणाला. पाहुण्यांसमोर म्हणून तसं म्हणाला की आता तसंच म्हणणार होता, हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही. दिवे गेले, फिल्म सुरू झाली. अंकुश मंचावर, मिसेस सरीनच्या खुर्चीमागे, दुभाष्याच्या जागी उभा होता; त्याला पडद्यापेक्षा समोरची माणसं दिसत होती. तारपा वाजला. देवजी लटकला, वळला, खाली बघू लागला. शुक्रीने तोंडावर हात ठेवला, मग बाजूच्या बाईला पडद्याच्या वरच्या टोकाकडे, जिथे दोर चित्राबाहेर जात होता तिथे, बोट करून काहीतरी दाखवलं. तिथे काहीच नव्हतं, नुसती दोराची रेघ होती. तिला मात्र दिसत होतं. अंकुशने खुर्चीची पाठ धरली. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, झालं, त्याला वाटलं, निभावलं.

देवजी-शुक्रीला मंचावर बोलावून देवजीला शाल घातली, नारळ दिला. मिसेस सरीननी केंद्राला मंजुरी जाहीर केली, अंकुशने ते मराठीत सांगितलं आणि मागच्या रांगांतून एक ओरडा उठला, खरा, पोटातून आलेला. यंदा दिवाळीनंतर कुणी भट्टीवर जाणार नव्हतं. त्या ओरड्याने त्याच्या अंगावर काटा आला. हे मी केलं, त्याच्या मनात आलं, एवढं तरी मी केलं. मग हेतल मॅडम माइकवर म्हणाल्या, "आता शुक्रीताई दोन शब्द बोलतील," आणि माइक शुक्रीच्या हातात दिला. हे कार्यक्रमात नव्हतं. शुक्रीने माइक नारळासारखा दोन्ही हातांत धरला.

"मी काय बोलू?" ती म्हणाली, आणि आपलाच आवाज भिंतींवरून परत आला तशी दचकून हसली. "लोकं मान्साला शाल घालतात, चांगलं हाय. पन कडा उतरनारा एकला नसतो. वर दोरावर बायकोचा भाऊ असतो. आमच्यात तसंच हाय. माझा भाऊ शिकला. मोठा झाला, बूट घालतो." ती अंकुशकडे बघत नव्हती. त्याला दिलेला शब्द पाळत ती हट्टाने जमिनीकडे बघत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. "पन त्या दिवशी त्यानं बूट काढले आन बसला दोरावर. म्हनून ह्यो हितं जिता उभा हाय. अर्धी शाल त्याची."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. हेतल मॅडम हसत पुढे आल्या, शुक्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइककडे वाकल्या. "किती गोड! पण ताई, एक छोटं करेक्शन हां. त्या दिवशी दोरावर तुमचा भाऊ नव्हता. आपले जीवन सर होते, सर्टिफाइड. आपण रिस्क घेत नाही. जीवन सर, जरा उभे राहा ना!" तिसऱ्या रांगेत जीवन उभा राहिला, हात वर केला, बसला. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

शुक्रीने जीवनकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, बाजारात कुणी जास्तच स्वस्त भाव सांगितला की बघतात तसं. मग ती देवजीकडे वळली. देवजी एक पाऊल पुढे आला. "वर व्हता गं," तो हळू म्हणाला. "आधी वर व्हता." हळू म्हणाला, पण माइक मध्येच होता आणि ते सगळ्या हॉलभर झालं. "आधी?" शुक्रीने विचारलं. देवजीला खोटं बोलायची सवय नव्हती, एकदाच बोलला होता आणि ते पुरवून पुरवून वापरत आला होता; आता त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. त्याच्या खांद्यावरची शाल एका बाजूला घसरली होती.

तेव्हा तिने अंकुशकडे बघितलं. तोंडाकडे नाही. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. तपकिरी, नाडीचे, सकाळीच पॉलिश केलेले. त्याला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे मंचाची कड होती. अजून वेळ आहे, त्याच्या मनात आलं, पुढे जावं आणि माइक घ्यावा, म्हणावं, हो, मी तो, मी उठलो दोरावरून. नोकरी जाईल, केंद्र बहुतेक राहील, किंवा राहणार नाही, काय होईल ते होवो. त्याने हे सगळं अगदी स्पष्ट विचार करून बघितलं. त्याचे पाय हलले नाहीत, आणि हलणार नाहीत हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्याइतकंच ते शुक्रीलाही आता ठाऊक झालं होतं.

तिने माइक पुन्हा तोंडाशी नेला. आवाज मोठा नव्हता, भांडणाचाही नव्हता, हरवलेली शेळी कुणाची ते चावडीवर सांगावं तसा होता. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मना भाऊ नाय." आणि माइक हेतल मॅडमना परत देऊन, पदर सारखा करून ती मंचाच्या पायऱ्या उतरू लागली. मागच्या रांगांतला गलबला एकदम थांबला. वाडीच्या माणसांना काय झालं ते कळलं होतं. देवजीचा दोर खुंटीला लागला होता, आणि ज्या केंद्रासाठी ती माणसं मघाशी ओरडली त्याचं मध त्या दोराबरोबर गेलं होतं. पुढच्या रांगांना काहीच कळलं नव्हतं. हेतल मॅडम म्हणत होत्या, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत या भगिनीसाठी!" आणि पुढच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या. देवजीने शाल काढली, तिची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यामागून गेला.

मिसेस सरीन मागे वळल्या. "क्या कहा इन्होंने?" त्यांनी विचारलं. अंकुश त्यांच्या कानाशी वाकला. त्याच्याजवळ अशा वेळेची पुष्कळ वाक्यं होती, मऊ, कुणालाही कुठेही चालणारी, तीन वर्षं तो तीच वाक्यं सांगत आला होता. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"कहती हैं, उनका कोई भाई नहीं है."

मिसेस सरीननी छातीवर हात ठेवला. त्या खरोखरच चांगल्या बाई होत्या, त्यांचे डोळे भरून आले. टाळ्यांच्या आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं, "ओह, सो सॅड. कब गुज़रे?"

"अभी, मॅडम," अंकुश म्हणाला. "इसी चैत में."